शिफारसपत्र लिहून आण, सही करतो

पीएचडीला खर्च किती येतो, हे कोकणातले पालक हमखास विचारतात. मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असते, झूऑलॉजीला किंवा मायक्रोबायोलॉजीला, मार्कही बरे असतात. वडील मी शिकवते त्या कॉलेजात भेटायला येतात आणि पहिला विचारतात तो आकडा. इंजिनिअरिंग-फार्मसीनं तशी सवयच लावून ठेवली आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ ही केंद्राची संशोधन शिष्यवृत्ती मिळवलेल्या विद्यार्थ्याला जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आणि वर घरभाडं मिळतं, दोन वर्षांनी त्याचे ४२ हजार होतात, असं सांगितलं की मॅडमची काहीतरी गफलत होतेय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत जीवशास्त्राच्या पीएचडीला फी माफ असते आणि जगण्यापुरता भत्ताही मिळतो, हे सांगितलं तर ते विषयच बदलतात.

मग मुलगी लोट्याच्या एखाद्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागते, नाहीतर मावशीकडे विरारला राहून एमएस्सी करते, नाहीतर बँकेच्या परीक्षांना बसते. यातलं काहीही हलकं नाही. पण विचार करून नको म्हटलेली वाट वेगळी आणि आहे हेच ठाऊक नसलेली वाट वेगळी. पुण्याची आयसर, बेंगळुरूची आयआयएससी, टाटा इन्स्टिट्यूटचं एनसीबीएस अशा संशोधन संस्थांत बीएस्सीनंतर थेट एकात्मिक पीएचडीला, म्हणजे एमएस्सी आणि पीएचडी एकत्र करायला, जाता येतं, हे शेवटच्या वर्षाच्या वर्गात विचारून पाहा. मी दरवर्षी विचारते. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘मॅडम, आयसर म्हणजे बारावीनंतरचं ना?’ म्हणतं, आणि तेवढ्यावर विषय आटोपतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आमची मुलं या संस्थांत पोचत नाहीत याचं खापर आपण इंग्रजीवर फोडतो, परीक्षेच्या काठिण्यावर फोडतो, आणि अगदीच काही नाही तर ‘आजकालच्या मुलांना वाचायला नको’ यावर फोडतो. या सगळ्यात तथ्य आहे, पण थोडंच. खरी अडचण अर्जापाशी आहे. अर्ज कधी भरायचा, त्यात काय लिहायचं, पत्र कुणाचं घ्यायचं हे शहरातल्या मुलाला सीनिअरकडून, शेजारच्या ताईकडून, लॅबमधल्या चहाच्या वेळी आपोआप कळत असतं. आमच्याकडे ते कळवणारं कुणी नाही, आणि कॉलेजांनी अर्ज ही विद्यार्थ्याची खासगी बाब ठरवून टाकली आहे. ती तशी नाही. शिकवणं आणि परीक्षा घेणं जसं कॉलेजचं काम, तसंच मुलाला पुढे पाठवणं हेही कॉलेजचंच काम आहे.

शिफारसपत्राचंच घ्या. परदेशातली पीएचडी असो की आपल्याकडची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती, शिक्षकांची पत्रं लागतात. परदेशी अर्जाला बहुधा तीन. आमच्याकडची पद्धत सर्वांना माहीत आहे. मुलगा भीत भीत स्टाफरूमच्या दारात उभा राहतो. सर वर न बघता म्हणतात, ‘लिहून आण, सही करतो.’ मुलगा सायबर कॅफेत जातो, कॅफेवाल्याच्या कॉम्प्युटरवर कुणाचं तरी जुनं पत्र असतंच, त्यातलं नाव बदलतो. ‘सदर विद्यार्थी कष्टाळू, प्रामाणिक व आज्ञाधारक असून त्याची वर्तणूक चांगली आहे.’ लेटरहेडवर प्रिंट, सही, गोल शिक्का. एका बॅचच्या तीन मुलांची पत्रं तंतोतंत सारखी निघालेली मी पाहिली आहेत. एका पत्रात तर मुलीला ‘तो’ म्हटलं होतं.

पत्र वाचणाऱ्याला वर्तणुकीचा दाखला नको असतो. मुलाला लॅबमध्ये घेतलं तर पुढची पाच-सहा वर्षं तो कसा काम करेल, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. स्थळ आलं तर ‘मुलगा चांगला आहे’ एवढ्यावर आपण सोयरीक करत नाही. मध्यस्थाला खोदून खोदून विचारतो, तो कुणाशी कसा वागला, कर्ज कधी काढलं, फेडलं का. पत्रही असंच वाचलं जातं. तिसऱ्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलला आकडे जुळेनात तेव्हा बाकीच्यांनी शेजारच्याचे आकडे जर्नलमध्ये उतरवले आणि हिनं द्रावण पुन्हा करून बघितलं, हे एक वाक्य त्या चार विशेषणांवर भारी पडतं. पण ते वाक्य लिहायचं तर शिक्षकाला ते आठवायला हवं, आणि आठवायचं तर त्यानं प्रॅक्टिकलच्या वेळी टेबलाजवळ उभं असायला हवं.

इथे एक अडचण आहे आणि ती खोटी नाही. आमच्या कॉलेजांतून टेबलाजवळ उभं असतं ते तासिका तत्त्वावरचं माणूस. कायम पदं वर्षानुवर्षं भरलेली नाहीत. विभाग चालतो तो सीएचबीच्या जोरावर, म्हणजे तासाला मोजून पैसे घेणाऱ्या, पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही याची खात्री नसलेल्या तरुण शिक्षकांवर. मुलांना तेच ओळखतात. आणि पत्रावर सही मात्र विभागप्रमुखांची, कारण सीएचबीला लेटरहेड देत नाहीत. तासाच्या हिशेबात पत्र बसतही नाही. एक नीट पत्र लिहायला संध्याकाळ जाते, तिचे पैसे कोण देणार? मी या शिक्षकांना दोष देत नाही. विद्यापीठांनी आणि संस्थाचालकांनी पत्र लिहिणं हे कामात धरावं, त्याचे तास मोजावेत, आणि ज्यानं शिकवलं त्याला स्वतःच्या नावानं पत्र देण्याचा अधिकार असावा, एवढंच मागते आहे. याला शासन निर्णय लागत नाही. प्राचार्यांचं एक परिपत्रक पुरतं.

जाता जाता ईमेलचंही सांगते. परदेशी विद्यापीठं पत्र मुलाच्या हातून घेत नाहीत. शिक्षकाला थेट लिंक पाठवतात आणि शक्यतो संस्थेचा ईमेल मागतात. आमच्याकडे निम्म्या शिक्षकांचा पत्ता जीमेलचा, त्यात कुणाच्या नावापुढे जन्मसाल, कुणाच्या नावापुढे मुलाचं नाव. कॉलेजचं डोमेन असतं, वेबसाइटवर मॅनेजमेंटचे फोटोही असतात, पण त्या डोमेनवर ईमेल काढून द्यायचं कुणाच्या मनात येत नाही. अशा पत्त्याकडे पलीकडचा माणूस संशयानं बघतो, आणि सर्वांची पत्रं सारखी निघतात हे कळल्यावर तो संशय चुकीचाही म्हणवत नाही.

आता मुलांनी स्वतः लिहायच्या निवेदनाविषयी, म्हणजे ते ज्याला एसओपी म्हणतात त्याविषयी. माझी एक विद्यार्थिनी खाडीकाठच्या गावातली. तिची आई ओहोटीला मुळे, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, काढायला जाते. एसओपीचा मसुदा घेऊन ती आली, त्याची पहिली ओळ अशी: लहानपणापासून मला निसर्गाच्या चमत्कारांचं आकर्षण आहे. पुढे डार्विन, पुढे कलाम. पान संपेपर्यंत ही मुलगी कुठली, काय पाहिलंय तिनं, काही पत्ता लागेना. मी कागद बाजूला ठेवला आणि प्रोजेक्टविषयी विचारलं. मग ती बोलायला लागली. पाऊस लागला की मुळे रोड होतात, त्यात काही राहत नाही, असं आई म्हणते. ते खरं का, आणि कशामुळे, पाणी गोडं झाल्यामुळे की त्यांचा विणीचा हंगाम उलटून गेल्यामुळे, हे तिला बघायचं होतं. म्हणून दर उधाणाच्या ओहोटीला आईच्या टोपलीतले मूठभर घेऊन ती व्हर्नियर कॅलिपरनं शिंपल्याची लांबी मोजायची, मांस सोडवून वजन करायची, स्लाइडवर पसरून मायक्रोस्कोपखाली अंडी दिसतात का पाहायची. कॉलेजचा मायक्रोस्कोप संध्याकाळी कुलपात जातो म्हणून नमुने बर्फाच्या डब्यात घालून ती सकाळच्या पहिल्या एसटीनं यायची. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नव्हता, तर कोळंबी प्रकल्पावरच्या एका ओळखीच्या माणसाकडून मागून आणला.

यातलं एक अक्षरही एसओपीत नव्हतं. का, विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, ते काय सांगायचं, ते घरचंच आहे.’

हे ‘घरचंच आहे’ आमच्या मुलांना नडतं. संशोधनाचा अनुभव म्हणजे पांढरा कोट, पीसीआर मशीन, नावाजलेली संस्था असं त्यांच्या डोक्यात बसलं आहे. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर रात्री गस्त घालणारा, घरटं शोधून अंडी हॅचरीत हलवणारा, पिल्लं बाहेर येईपर्यंतचे दिवस मोजणारा कासवमित्र हा क्षेत्रकाम करणारा माणूस आहे. वाळूच्या तापमानावर कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, हे त्याला पुस्तकाआधी ठाऊक झालेलं असतं. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला तेव्हा देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ आले होते. ती किनाऱ्यावर कुठे आणि कधी चढेल हे कळायला मात्र गावच्याच माणसांचे डोळे लागतात. अशा घरातला मुलगा बीएस्सीला असेल तर त्याच्या अर्जात हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं. तो लिहितो काय, तर ‘छंद: वाचन, क्रिकेट’.

निरीक्षण लिहून काढणं आणि ते योग्य ठिकाणी पाठवणं यानं किती फरक पडतो, याचं उदाहरण आमच्याच पट्ट्यात आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाचे रुग्ण दगावताना पाहत होते. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून रक्तदाबाच्या, नाडीच्या, घामाच्या नोंदी ठेवल्या. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन त्यावर वापरून पाहिलं आणि हे सगळं लिहून लंडनच्या ‘लॅन्सेट’ला धाडलं. तिथे ते छापून आलं. विंचू रायगडात पूर्वीही चावत होते आणि डॉक्टरही होते. पद्मश्री त्यांना २०२२ मध्ये मिळाली, पण जीव त्याच्या कितीतरी आधीपासून वाचत होते.

पदवीच्या कागदाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी अर्जाचा फारच उदोउदो करते आहे असं वाटेल. औपचारिक पदवी नाही म्हणून सालिम अलींना झूऑलॉजिकल सर्व्हेत पक्षीतज्ज्ञाची जागा मिळाली नव्हती. पुढे १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला आणि त्यानं त्यांचं नाव झालं. चाळण्या चुकतात. पण सालिम अलींसारखा एखादाच चाळणीबाहेर राहून मोठा होतो. बाकीच्यांना चाळणीतूनच जायचं आहे, तर ती कशी चालते हे त्यांना सांगायला नको का?

ती चालते कॅलेंडरवर. इथे आमची सगळ्यात मोठी गोची होते. ‘आधी निकाल लागू दे, मग बघू’ हे वाक्य कोकणातल्या घराघरांत ऐकू येतं, आणि ते ऐकू येतं जूनमध्ये, जेव्हा सगळं संपलेलं असतं. एमएस्सी आणि एकात्मिक पीएचडीसाठीच्या जॅम या प्रवेशपरीक्षेचे आणि गेट परीक्षेचे अर्ज आदल्या वर्षीच्या गणपतीच्या सुमाराला सुटतात आणि भातकापणीपर्यंत बंद होतात. टीआयएफआरची, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूटची, परीक्षा डिसेंबरात होते. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्तीचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे. अमेरिकेतल्या बहुतेक विभागांची मुदत १ डिसेंबर किंवा तिच्या आसपास. म्हणजे जो काळ आमच्याकडे आरती, भजन, सेमिस्टर परीक्षा, दिवाळी आणि जत्रांचा, तोच नेमका अर्जांचा. गणपतीत कोकणातला माणूस फॉर्म भरणार नाही, हे मी कुणाला बदलायला सांगत नाही, मी स्वतः त्या दिवसांत लॅपटॉप उघडत नाही. पण जूनमध्येच कॉलेजच्या नोटीसबोर्डावर या तारखांचा कागद लागला, आणि चवथीच्या आधी पत्रं, मार्कशीट, फोटो, जातीचे दाखले गोळा झाले, तर बाप्पाच्या आड काहीही येत नाही. विद्यापीठाच्या हातातही काही आहेच. २०१७ साली ऑनलाइन तपासणीच्या घोळात मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले, तेव्हा पुढच्या प्रवेशांसाठी खोळंबलेल्या मुलांचे हाल सगळ्या महाराष्ट्रानं पाहिले.

परीक्षांबद्दल फार लिहीत नाही, त्याचे क्लास आहेत आणि यूट्यूब आहे. एवढंच नोंदवते, की सीएसआयआर-नेट या विज्ञानाच्या नेट परीक्षेतल्या जीवशास्त्राच्या पेपरात तिसऱ्या भागात ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे असतात, प्रत्येकी ४ गुण, चुकलं तर १ वजा. आणि तिथे आलेख देऊन ‘यावरून कोणता निष्कर्ष निघत नाही’ असं विचारतात. आमच्या विद्यापीठीय पेपरात ‘टिपा लिहा, कोणत्याही दोन’ असतं. पाच वर्षं टिपा लिहिलेल्या मुलाला अचानक आलेख वाचता येत नाही, यात नवल नाही.

पैशांचं मात्र बोलायलाच हवं. भारतातल्या अर्जांना खर्च तुलनेनं कमी. परीक्षाकेंद्र पुण्या-मुंबईकडे आलं की रात्रीचा प्रवास आणि नातेवाइकाकडे मुक्काम एवढाच. परदेशी अर्जाला बऱ्याच ठिकाणी ७५ ते १०० डॉलर लागतात. आठ-दहा ठिकाणी अर्ज केला, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा दिली, तर रक्कम लाखाच्या घरात जाते. मच्छीमाराच्या किंवा दोन-चार कलमं असलेल्या बागायतदाराच्या घरात हा जुगारच वाटणार. म्हणून काही गोष्टी आधी माहीत हव्यात. जीवशास्त्राच्या अमेरिकन पीएचडी विभागांनी २०१७-१८ पासून जीआरई या प्रवेशपरीक्षेची अट काढायला सुरुवात केली आणि आज अनेक नावाजलेले विभाग ती परीक्षा मागत नाहीत; तरी कोल्हापूर-पुण्यातले क्लास मुलांना ती द्यायला लावतात. बरीच विद्यापीठं विनंती केली तर अर्जाची फी माफ करतात, पण विनंती करावी लागते, आणि मागायची लाज हा आमचा जुना रोग. जर्मनीतल्या मॅक्स प्लांकच्या संशोधन-शाळांना किंवा युरोपातल्या ईएमबीएल या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेला अर्जाची फी नाही. तिथे बहुधा आधी एमएस्सी लागते, ती आमच्या बऱ्याच मुलांकडे असते. उलट तीन वर्षांची बीएस्सी काही अमेरिकन विद्यापीठांना पुरत नाही. या साध्या गोष्टी आहेत, पण क्लासवाला त्या सांगणार नाही, कारण त्यात त्याचा धंदा नाही.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं, की आधीच कोकण रिकामं होतंय, गिरण्यांच्या काळी माणसं मुंबईला गेली आणि गावाला मनीऑर्डरी आल्या, आता तुम्ही उरलेली हुशार पोरं बेंगळुरूला आणि बोस्टनला धाडा. दुखणं खरं आहे. पण मुलं नाहीतरी जातच आहेत. विरार-दिव्याची लोकल ही काही कोकणात राहणं नव्हे. आणि जीवशास्त्र हा विषय असा आहे की त्याचं काम इथे पडून आहे. हापूसच्या मोहोरावर थ्रिप्स येतात आणि बागायतदार फवारणीमागून फवारणी करून थकतो. २०१६ पासून दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडतापानं माणसं आजारी पडली, काही गेली. नमुने तपासायला पुण्याच्या विषाणू संस्थेत पाठवावे लागले. सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, पावसाळ्यात जे दोन-तीन महिने फुलतं, त्यातल्या काही वनस्पती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि त्यांचा अभ्यास बहुधा बाहेरचे लोक करून जातात. चांगला करतात, तक्रार नाही. पण जांभ्याची खाण सुरू होताना ग्रामसभेत उठून बोलायला ते इथे नसतात. गेलेल्यांतले सगळे परत येणार नाहीत, हे मला मान्य आहे. न गेलेल्यांतून मात्र कुणीही शास्त्रज्ञ होऊन इथे उभा राहणार नाही.

पीएचडी म्हणजे सुखाची नोकरी असंही मी सांगत नाही. शिष्यवृत्ती महिनोन्महिने रखडते, गाइड कसा निघेल याचा भरवसा नसतो, तिशी उलटते आणि कायम नोकरी लांबच राहते. मुलीच्या बाबतीत तर लग्नाचा विषय दर मे महिन्यात निघतो. हे सगळं ऐकून एखादी नको म्हणाली तर मी तिला बँकेच्या परीक्षेची पुस्तकं स्वतः आणून देईन.

सारथी, महाज्योती, बार्टी या राज्य सरकारच्या संस्थांची संशोधन शिष्यवृत्ती पीएचडीला प्रवेश मिळाल्यावरची. त्याआधीचा, अर्जापुरता खर्च कुणीच उचलत नाही. आणि इथे मला आमच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांची आठवण होते. दरवर्षी दादर-परळला हॉल घेऊन गुणवंतांचा सत्कार होतो: शाल, श्रीफळ, ट्रॉफी, वह्या, पाहुण्यांचं भाषण, नंतर अल्पोपाहार. हॉलच्या एका दिवसाच्या भाड्यात गावातल्या एका मुलीचे परदेशी अर्ज भागतील, आणि ट्रॉफ्यांच्या पैशांत दोघा-तिघांचं जॅम-गेटचं शुल्क. शिवाय मंडळात कुणाचा तरी भाचा हाफकिनमध्ये असतो, कुणाची सून फार्मा कंपनीच्या संशोधन विभागात असते. एका मुलीचा एसओपी वाचून त्यावर लाल पेनानं खुणा करायला त्यांना एक रविवार पुरेल. चवथीला सगळे चाकरमानी गावात असतात, मंडळाची सभा देवळात होतेच. अध्यक्षांना आधी फोन करून हा विषय पत्रिकेवर घ्यायला सांगा, आणि गावात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला कोण कोण आहे त्यांची नावं बरोबर न्या. जॅमचा फॉर्म त्याच सुमाराला उघडतो.